खताच्या पोत्यावरचा भाव आणि जगाच्या बाजारातला भाव

आजच्या व्याख्यानाचा विषय खतांचा बाजार हा आहे. पुढच्या काळात खतांचे भाव कुठल्या दिशेने जातील आणि मागणी कशी राहील, ते आज बघायचं आहे.

या विषयावर आम्हाला दोन तऱ्हेचे लोक प्रश्न विचारतात. अर्थशास्त्राचे विद्यार्थी, शेअर बाजारात गुंतवणूक करणारे विचारतात, "खतांचे भाव वाढणार का?" शेतकरी विचारतो, "अठरा सेहेचाळीस यंदा मिळेल का?" या दोन प्रश्नांतली क्रियापदं नीट ऐका. एकजण 'वाढेल का' म्हणतो, दुसरा 'मिळेल का' म्हणतो. प्रश्न मुळात एकच आहे. फक्त एकाला तो भाव म्हणून दिसतो आणि दुसऱ्याला टंचाई म्हणून. असं का होतं, हे कळलं की आजचा बराचसा विषय कळला.

तीन अन्नद्रव्यं, तीन वेगळे बाजार

आपण सरसकट 'खत' म्हणतो. पण बाजार एक नाही, तीन आहेत.

पहिला नत्राचा. हवेत नायट्रोजन भरपूर आहे, पण पिकाला तो तसाच घेता येत नाही. जर्मनीत फ्रिट्झ हेबर यांनी हवेतला नायट्रोजन आणि हायड्रोजन यांचा अमोनिया करून दाखवला आणि कार्ल बॉश यांनी ती प्रक्रिया कारखान्यात आणली. १९१३ पासून ओपाऊच्या कारखान्यात उत्पादन सुरू झालं. आज हा हायड्रोजन बहुतेक ठिकाणी नैसर्गिक वायूपासून मिळवतात. म्हणून युरियाच्या उत्पादनखर्चातला सर्वांत मोठा हिस्सा वायूचा असतो. आपल्याकडे थळ आणि तुर्भे इथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे कारखाने आहेत, गोव्यात सांकवाळला पूर्वीचा झुआरीचा कारखाना आहे. असे कारखाने भारतात असले, तरी ते चालवायला लागणाऱ्या वायूचा मोठा भाग द्रवरूपात जहाजाने येतो आणि त्यात कतारचा वाटा मोठा आहे. म्हणजे युरिया देशी असला तरी त्याचं इंधन परदेशी. होर्मुझच्या सामुद्रधुनीत तणाव वाढला की त्याची झळ थेट युरियाला लागते, ती यामुळे.

दुसरा बाजार स्फुरदाचा. स्फुरद खडकातून येतं. जगातल्या ज्ञात साठ्यांपैकी जवळपास ७० टक्के साठे एकट्या मोरोक्कोकडे आहेत. खडक विरघळवायला गंधकाम्ल लागतं आणि त्यासाठी लागणारं गंधक मुख्यतः तेल व वायूच्या शुद्धीकरणातून मिळतं. त्यामुळे खडक, गंधक, अमोनिया यातलं काहीही महागलं तरी डीएपी महागतो. भारतात राजस्थानात थोडा खडक निघतो, पण गरजेच्या मानाने तो फारच कमी. त्यामुळे आपण खडक आणतो, फॉस्फरिक आम्ल आणतो किंवा तयार डीएपीच आणतो.

तिसरा पालाशाचा, म्हणजे पोटॅशचा. कॅनडा, रशिया आणि बेलारूस हे तीन देश मोठे पुरवठादार. भारतात पोटॅशची व्यापारी खाण नाही, त्यामुळे पोत्यातला पोटॅश बाहेरून आलेला असतो. साखर कारखान्यांच्या मळीपासून थोडा पोटॅश आता तयार होतो, पण एकूण गरजेत त्याचा वाटा लहान आहे.

एकाच पोत्याचे दोन भाव

आता आकडेमोड करू. कागद-पेन असेल तर घ्या.

युरियाचं ४५ किलोचं पोतं शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपये ५० पैशांना मिळतं. जगाच्या बाजारात युरिया टनाला ४०० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर टन ३४,००० रुपयांना पडतो. ४५ किलोचे होतात १,५३० रुपये. त्यात अजून बंदर, पोतं, रेल्वे आणि दुकानदाराचं कमिशन धरलेलं नाही.

डीएपीचं ५० किलोचं पोतं १,३५० रुपयांना मिळतं. टनाला ७०० डॉलर भाव धरला, तर पोत्यामागे नुसत्या मालाचे २,९७५ रुपये होतात. २०२५ च्या उत्तरार्धात डीएपी याहून महाग विकला गेला.

मधला फरक कोण भरतं? केंद्र सरकार, अनुदानातून. २०२० मध्ये जगात युरिया टनाला २५० डॉलरच्या आत होता. २०२२ च्या वसंतात, युक्रेन युद्ध सुरू झाल्यावर, तो ९०० डॉलरच्या वर गेला. भारतातल्या पोत्यावरचा आकडा तसाच राहिला. पण २०२२-२३ या वर्षात खत अनुदान सुमारे अडीच लाख कोटी रुपयांवर पोहोचलं. भाववाढ झालीच होती, ती दुकानात दिसली नाही, अर्थसंकल्पात दिसली.

युरिया आणि बाकीची खतं यांच्यासाठी नियम मात्र वेगळे आहेत. युरियाची किंमत सरकार ठरवतं आणि वरचा सगळा खर्च सरकार सोसतं. स्फुरद-पालाशाच्या खतांना १ एप्रिल २०१० पासून अन्नद्रव्यांवर आधारित अनुदान आहे. म्हणजे किलोमागे ठरावीक रक्कम मिळते, खरिपासाठी एक दर आणि रब्बीसाठी दुसरा. उरलेला खर्च कंपनीने किमतीतून काढायचा, असं कागदावर आहे. पण डीएपीची किंमत वाढवू नका, असा सरकारचा अप्रत्यक्ष आग्रह असतो.

इथेच टंचाईचं मूळ आहे. समजा, अनुदान आणि १,३५० रुपये मिळून आयातदाराचा खर्च निघत नाही. तो काय करेल? तोटा घेऊन जहाज भरणार नाही. थांबेल, सरकारने दर वाढवण्याची वाट बघेल. २०२४ च्या रब्बीत हेच दिसलं. जगात भाव चढे होते, चीनने निर्यात आवळली होती, तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालून येत होती. शेवटी सरकारने टनामागे ३,५०० रुपयांचं खास अनुदान चालू ठेवलं. पण पेरणीची वेळ काही अनुदानाच्या फाइलसाठी थांबत नाही. खताला उशीर झाला, तर पुढच्या महिन्यात आलेलं खत पेरणीच्या उपयोगाचं नसतं.

म्हणून आमचं मुख्य म्हणणं असं आहे: भारतात खताच्या भावाचा अंदाज म्हणजे खरं तर उपलब्धतेचा अंदाज. जगात भाव चढले की आपल्याकडे पोत्यावरचा आकडा फारसा हलत नाही. रांग लांबते, लिंकिंग वाढतं, मालाला उशीर होतो.

लिंकिंग म्हणजे काय, हे शहरातल्या श्रोत्यांसाठी सांगतो. युरियाची पाच पोती हवीत, तर सोबत हे सूक्ष्म अन्नद्रव्याचं पाकीट आणि ही बाटली घ्या, असं दुकानात सांगितलं जातं. दुकानदाराला विचारलं तर तो म्हणतो, "आम्हालाही वरून असंच येतं." असं करू नये म्हणून आदेश वारंवार निघतात, तरी तक्रारी थांबत नाहीत. अर्थशास्त्राच्या भाषेत ही लपलेली भाववाढ आहे. छापील किंमत तीच राहते, शेतकऱ्याचा खर्च वाढतो.

स्वस्त युरिया आणि असमतोल

आता पोत्याऐवजी अन्नद्रव्याचा भाव काढू. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे ४५ किलोच्या पोत्यात २०.७ किलो. किलोमागे नत्र पडतं सुमारे १३ रुपयांना. डीएपीच्या पोत्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद असतं. त्यातल्या नत्राची किंमत याच दराने वजा केली, तर स्फुरद किलोला जवळजवळ ५४ रुपयांना पडतं. चौपट महाग.

याचा परिणाम उसात बघा. सुरू उसाची शिफारस हेक्टरी २५० किलो नत्र, ११५ किलो स्फुरद, ११५ किलो पालाश अशी आहे. एकरी साधारण १००:४६:४६. त्यासाठी डीएपीची दोन पोती, युरियाची चार आणि पोटॅशचं दीड पोतं लागतं. पोटॅशचं पोतं १,६०० रुपयांचं धरलं, तर डीएपीचे २,७००, युरियाचे सुमारे १,०७० आणि पोटॅशचे २,४०० रुपये होतात. हातात पैसे कमी असले तर शेतकरी काय गाळेल? पोटॅश. आणि मनाच्या समाधानासाठी काय वाढवेल? युरियाचं एक पोतं, कारण ते २६६ रुपयांचं आहे आणि आठवड्यात पीक हिरवंगार दिसतं. पुढे ऊस लोळतो, कीड-रोग वाढतात, उतारा घटतो. पण हे नुकसान वर्षभराने दिसतं आणि त्याचं बिल खताच्या दुकानातून येत नाही.

हे पूर्वीही घडलेलं आहे. ऑगस्ट १९९२ मध्ये स्फुरद आणि पालाशाची खतं नियंत्रणमुक्त झाली. त्यांच्या किमती चढल्या. युरिया मात्र नियंत्रणात राहिला, उलट थोडा स्वस्त केला गेला. देशातलं नत्र-स्फुरद-पालाशाचं प्रमाण १९९१-९२ मध्ये ५.९:२.४:१ होतं, ते पुढच्याच वर्षी ९.५:३.२:१ झालं. चांगलं प्रमाण म्हणून आपल्याकडे ४:२:१ सांगतात. २०१० चं धोरण आलं तेव्हा युरिया पुन्हा बाहेरच राहिला आणि तीच चाल पुन्हा दिसली.

म्हणून युरियाच्या मागणीचा अंदाज करताना एक गोष्ट पक्की धरून चला. किंमत गोठलेली असेपर्यंत ही मागणी वाढतच राहील. वर्षाला साडेतीनशे लाख टनांहून जास्त युरिया आज देशात खपतो आणि नवीन कारखाने सुरू होऊनही आयात संपलेली नाही.

मागणी कशामुळे हलते

खताची मागणी ही खताच्या भावापेक्षा पिकाच्या भावावर आणि पावसावर जास्त अवलंबून असते. जगात याचं नेहमीचं उदाहरण अमेरिकेचं. तिथला शेतकरी दरवर्षी मका आणि सोयाबीन यात निवड करतो. मक्याला नत्र भरपूर लागतं. सोयाबीन स्वतःच्या मुळांवरच्या गाठींतून बरंचसं नत्र मिळवतं. मका फायद्याचा ठरला की त्या वसंतात नत्राला मागणी वाढते.

हेच गणित आता आपल्याकडे आलंय. इथेनॉलसाठी मक्याला गिऱ्हाईक मिळालं आणि सोयाबीनचे भाव २०२४-२५ मध्ये ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखाली रेंगाळले. मराठवाडा-विदर्भात अनेकांनी सोयाबीनचं काही क्षेत्र मक्याकडे वळवलं. आता विचार करा, ज्या एकरात पूर्वी युरियाचं अर्धं-एक पोतं पुरायचं, तिथे आता दोन-तीन लागतात. २०२५ च्या खरिपात चांगला पाऊस आणि वाढलेला मका एकत्र आले, तेव्हा देशात अनेक राज्यांत युरियासाठी रांगा लागल्या. इथेनॉलचं धोरण ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर युरियाची रांग असेलच असं नाही, पण दोन्हींचा धागा एकच आहे.

दुसरी गोष्ट, मागणी लवचीक नसते, पण तिन्ही अन्नद्रव्यांत फरक असतो. नत्र कमी केलं तर त्याच हंगामात पीक पिवळं पडतं. स्फुरद-पालाश जमिनीत थोडंफार शिल्लक असतं, त्यामुळे एखादा हंगाम कमी टाकलं तरी लगेच कळत नाही. म्हणून महागाईत आधी पोटॅश कापला जातो, मग स्फुरद, सर्वांत शेवटी नत्र. २०२२ मध्ये पोटॅश महागला तेव्हा भारतात त्याचा खप मोठ्या प्रमाणात घसरला.

तिसरी गोष्ट वेळेची. खत बंदरावर उतरलं म्हणजे गावात पोहोचलं असं नाही. रेल्वेची एक पूर्ण रेक अडीच-तीन हजार टन माल आणते, म्हणजे पन्नास हजारांहून जास्त पोती. ती रेक पॉइंटवर लागते, तिथून ट्रकने तालुक्याला, मग कृषी सेवा केंद्रात. जूनच्या पेरणीचा माल ठरवायचा तर निर्णय मार्च-एप्रिलमध्ये व्हावा लागतो. जिल्ह्यात साठा भरपूर आहे, असं बैठकीत सांगितलं जातं आणि त्याच दिवशी एखाद्या गावात पोतं नसतं. दोन्ही खरं असू शकतं.

पुढे काय दिसतं

नेमका आकडा कुणी सांगत असेल तर सावध राहा. दिशा मात्र सांगता येते.

नत्र: जगात युरियाची क्षमता पुरेशी आहे आणि अमेरिका, कतार इथून द्रवरूप वायूचा पुरवठा वाढवण्याची कामं चालू आहेत. शांतता असेल तर भाव मध्यम राहतात. पण वायूच्या वाटेवर युद्ध झालं तर आठवड्याभरात उसळी येते. भारत युरियाच्या जागतिक निविदा काढतो, तेव्हा तिथे आलेला भाव जगभर मोजमाप म्हणून वापरला जातो. आपली निविदा घाईची आणि मोठी असेल, तर आपणच भाव चढवतो.

स्फुरद: इथे आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटते. चीन पूर्वी आपला मोठा पुरवठादार होता. २०२१ पासून तो निर्यात कधी उघडतो, कधी बंद करतो. शिवाय विजेवरच्या गाड्यांच्या एका प्रकारच्या बॅटरीत फॉस्फेट लागतं, त्यामुळे शेतीला नवा स्पर्धक आला आहे. २०२५ मध्ये सौदी अरेबियाच्या मादेन कंपनीशी पाच वर्षांसाठी दरवर्षी ३१ लाख टन डीएपीचा करार झाला, तो याच काळजीपोटी. करारामुळे माल मिळण्याची शक्यता वाढते, स्वस्त मिळेलच असं नाही.

पालाश: पुरवठा त्या मानाने बरा आहे, कॅनडात नवी मोठी खाण उभी राहते आहे. इथे अडचण पुरवठ्यापेक्षा आपल्याकडच्या कमी वापराची आहे.

आणि या तिन्हींवर रुपयाची सावली. डॉलर ८५ वरून ८८ झाला, तर ७०० डॉलरच्या डीएपीच्या पोत्यामागे १०५ रुपये वाढतात, जगात भाव तसूभरही न हलता.

शेतकऱ्याने काय करावं

डीएपी मिळाला नाही म्हणून पेरणी अडवू नका. त्यातलं २३ किलो स्फुरद आणि ९ किलो नत्र दुसरीकडूनही मिळतं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन पोत्यांत २४ किलो स्फुरद आणि वर सुमारे १६ किलो गंधक मिळतं. सोबत युरियाचं अर्ध्याहून किंचित कमी पोतं घेतलं की नत्राचा हिशोब जुळतो. सोयाबीन, भुईमुगाला तर गंधकाचा फायदाच होतो. १०:२६:२६ किंवा २०:२०:०:१३ घ्यायचं असेल तर पोत्यावरचे आकडे गुणून बघा, नावावर जाऊ नका.

माती तपासून घ्या. स्फुरद भरपूर असलेल्या जमिनीत दरवर्षी डीएपी टाकणं म्हणजे टंचाईच्या काळात पैसे पुरणं. युरिया एकदम न टाकता दोन-तीन हप्त्यांत, वाफशावर, मातीआड करून द्या. फेकलेल्या युरियातलं निम्म्याहून जास्त नत्र पिकाला मिळतच नाही, ते हवेत जातं किंवा पाण्याबरोबर निघून जातं. आणि पावती घ्या. पॉस मशीनवर तुमच्या नावावर किती पोती नोंदली, ते पावतीवर दिसतं.

दोन प्रश्न

श्रोत्यांतून आलेले दोन प्रश्न घेतो. पहिला: "अनुदान बंद करून भाव मोकळे सोडले तर टंचाई संपेल ना?" रांग कदाचित संपेल, पण ती पैशाने संपेल. दीड एकरवाल्याला परवडणार नाही म्हणून तो रांगेत दिसणार नाही. आमच्या मते अनुदानाची रक्कम किती, यापेक्षा ती एकट्या युरियाकडे झुकलेली आहे हा प्रश्न आधी सोडवायला हवा. युरियालाही बाकीच्यांच्याच नियमात हळूहळू, दरवर्षी थोडं असं आणता येईल, आणि वाचलेला पैसा स्फुरद-पालाश किंवा थेट शेतकऱ्याच्या खात्याकडे वळवता येईल. हे राजकीयदृष्ट्या अवघड आहे, म्हणून तर इतकी वर्षं झालेलं नाही.

दुसरा: "सगळेच सेंद्रिय शेतीकडे वळले तर?" शेणखत, कंपोस्ट, हिरवळीची खतं यांनी जमीन सुधारते आणि रासायनिक खताची गरज कमी होते, यात वाद नाही. पण श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांची आयात एका झटक्यात बंद केली. भाताचं उत्पादन पडलं, चहाला फटका बसला आणि काही महिन्यांतच निर्णय फिरवावा लागला. वळायचं असेल तर आधी पुरेसं शेणखत हवं, आणि आपल्या गावांतली जनावरं तर कमी होत चालली आहेत.

पुढच्या हंगामाआधी वर्तमानपत्रात युरियाच्या निविदेची, चीनच्या निर्यातीची किंवा एप्रिल-ऑक्टोबरमध्ये जाहीर होणाऱ्या अनुदान दरांची बातमी दिसली, तर ती वाचा. ती बातमी दिल्लीची किंवा बीजिंगची असली, तरी दोन-तीन महिन्यांनी ती तुमच्या तालुक्याच्या दुकानात पोहोचलेली असते. प्रश्न असतील तर जरूर पाठवा.